पपईवरची वलयं आणि केळीचा ‘हरण्या’: फळबागांमधले विषाणू नेमके पसरतात कसे?

मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाडा सील करण्यात आला. कोरोनाचे रुग्ण सापडल्यानंतर मुंबईत अगदी सुरुवातीला ज्या वस्त्या बंद झाल्या, त्यांपैकी ही एक. भिंतीला भिंत लागलेली घरं आणि समोरून माणूस आला तर अंग चोरून उभं राहावं लागेल असे बोळ. इथे विषाणू शिरला तर काय होईल, याची धास्ती सगळ्यांनाच होती. ‘व्हायरस’, ‘क्वारंटाइन’, ‘कन्टेन्मेंट झोन’ हे शब्द त्या काही आठवड्यांत घरोघरी बोलले जाऊ लागले.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांतच मोबाइलवर आणखी एका व्हायरसची बातमी फिरू लागली. हा व्हायरस म्हणे टोमॅटोत होता. तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले-संगमनेर पट्ट्यात टोमॅटोची फळं एकसारखी पिकत नव्हती. एकाच फळावर लाल, पिवळा आणि हिरवट असे रंग दिसायचे, म्हणून त्याला ‘तिरंगा व्हायरस’ असं नाव पडलं. आधीच घाबरलेल्या लोकांना हे टोमॅटो खावेत की नाही, असा प्रश्न पडला. अफवेमुळे भाव पडल्याची तक्रार शेतकरी संघटनांनी केली. नमुने बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत तपासले गेले, तेव्हा त्यात कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे काकडीवरच्या मोझॅक रोगाचा विषाणू आढळला. हा विषाणू वनस्पतीशास्त्राला शंभरेक वर्षांपासून माहीत आहे आणि माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

धोका आहे तो शेतकऱ्याला. याच विषाणूमुळे जळगावच्या केळी उत्पादकांना उभ्या बागा उपटून टाकाव्या लागल्या आहेत. त्याच्यासारखेच इतर विषाणू पपई, संत्री आणि लिंबाच्या बागांतही आहेत. यांपैकी कोणताही विषाणू शिंकेतून किंवा हस्तांदोलनातून पसरत नाही. तो पसरवायला कुणीतरी वाहक लागतो, आणि तो बहुतेक वेळा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो.

झाडाला व्हायरस लागतो म्हणजे काय होतं?

‘विषाणू’ हा प्रकार माणसाला आधी कळला तो झाडामुळेच. १८९२ साली रशियन शास्त्रज्ञ दिमित्री इवानोव्हस्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडतील अशा गाळणीतून गाळला. तरीही तो रस रोग पसरवत राहिला. १८९८ मध्ये डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी हा प्रकार जिवाणूंपेक्षा वेगळा असल्याचं सांगून त्याला ‘व्हायरस’ म्हटलं. माणसाच्या एकाही रोगाचा विषाणू तोपर्यंत ओळखला गेला नव्हता.

विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते. माणसाच्या नाका-घशातल्या पेशी तशा उघड्या असतात. झाडाच्या पेशीभोवती मात्र सेल्युलोजची जाड भिंत असते आणि ती फोडायचं कोणतंही साधन विषाणूकडे नसतं. त्यात झाड जागचं हलत नाही. त्यामुळे एका झाडातून दुसऱ्या झाडात जायचं, तर भिंतीला भोक पाडणारं आणि इकडून तिकडे जाणारं कुणीतरी हवं. रस शोषणारे कीटक ही दोन्ही कामं एकदम करतात.

त्यांत सगळ्यात मोठा मान माव्याचा. कोवळ्या शेंड्यावर किंवा पानामागे दाटीने बसलेले हिरवे, काळे, पिवळसर बारीक किडे म्हणजे मावा. त्याची सोंड इंजेक्शनच्या सुईसारखी असते. ती पानात खुपसून तो रस ओढतो. माव्याची मादी नराशिवाय, अंडी न घालता, थेट पिल्लांना जन्म देऊ शकते. त्यामुळे काही आठवड्यांतच एकाचे शेकडो होतात. दाटी वाढली की पुढच्या पिढीतल्या काहींना पंख फुटतात आणि ते वाऱ्यावर निघतात. बागायतदाराने धास्ती घ्यावी ती या पंखवाल्यांची.

माव्याखेरीज पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि तुडतुडे हेही वाहक आहेत. पपईची पानं आत वळून उलट्या वाटीसारखी होतात, त्या पर्णगुच्छ रोगाचे विषाणू पांढरी माशी आणते. द्राक्षवेलींची पानं गुंडाळणारे काही विषाणू पिठ्या ढेकणाबरोबर फिरतात. पण महाराष्ट्रातल्या फळबागांचं सर्वाधिक नुकसान करणाऱ्या विषाणूंची गोष्ट माव्याभोवतीच फिरते.

पपई: चाखून उडून जाणारा पाहुणा

मुंबईच्या कोळीवाड्यांत आणि गावठाणांत कुठे दारापुढे, कुठे परसातल्या हातभर जागेत पपईचं झाड दिसतं. खाऊन फेकलेल्या बीमधून उगवलेलं, कुणी न लावलेलं. या झाडाच्या शेंड्याची पानं कधी पिवळट-हिरवी चितकबरी होतात. नवीन पानं आक्रसत जातात आणि शेवटी पानाच्या जागी नुसत्या शिरा, सुतळीसारख्या लोंबताना दिसतात. देठावर आणि खोडावर तेलकट, गडद हिरव्या रेघा उमटतात. फळ धरलंच तर त्याच्या सालीवर गोल गोल वलयं येतात. ही वलयं म्हणजे पपईच्या रिंगस्पॉट रोगाची खूण. १९४९ साली हवाईमधले संशोधक डी. डी. जेन्सन यांनी या वलयांवरूनच रोगाला नाव दिलं.

भारतातल्या या रोगाच्या अभ्यासाची सुरुवात आपल्याकडचीच आहे. पुण्याच्या वनस्पती विषाणू संशोधन केंद्रात काम करणारे एस. पी. कपूर आणि पी. एम. वर्मा यांनी १९४८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या पपईवरच्या मोझॅक रोगाचं वर्णन केलं. आज ते केंद्र भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र म्हणून ओळखलं जातं आणि या विषाणूला दाद न देणारी पपई शोधण्याचं काम तिथे अनेक वर्षं चाललेलं आहे.

या विषाणूची एक गंमत आहे, आणि शेतकऱ्याचं नुकसानही तिच्यातूनच होतं. पपई हे माव्याचं आवडतं झाड नाही. पपईच्या बागेत फिरलं तर पानांवर माव्याची वसाहत सहसा दिसत नाही. मग रोग येतो कुठून? शेजारच्या शेतातून किंवा तणांवरून उडालेला पंखवाला मावा पपईवर उतरतो. हे आपलं खाद्य आहे का, हे बघायला सोंड जरा टोचून पाहतो, आवडत नाही म्हणून उडतो आणि पुढच्या झाडावर पुन्हा तेच करतो. रोगट झाडावरून विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटायला काही सेकंद पुरतात आणि निरोगी झाडात सोडायलाही तेवढाच वेळ लागतो. मुक्काम ठोकणारा मावा इतका घातक ठरत नाही, जितका हा चाखून निघून जाणारा ठरतो.

फवारणी इथे का हरते, ते यावरून कळतं. कीटकनाशकाने मावा मरतो, पण मरायला त्याला काही मिनिटं तरी लागतात. तोवर टोचून झालेलं असतं. काही औषधांमुळे तर मावा अस्वस्थ होऊन जास्त झाडांवर उड्या मारतो. पानं चितकबरी दिसली की दुकानातून औषध आणायचं, आठवड्याने दुसरं, पंधरवड्याने तिसरं, असा खर्च अनेक बागांमध्ये होतो. झाडात शिरलेला विषाणू मारणारं कोणतंही औषध बाजारात नाही. ‘व्हायरसवर रामबाण’ असं लिहिलेली बाटली कुणी विकत असेल, तर ती घेण्याआधी हे एक वाक्य आठवावं.

मग काय उपयोगी पडतं? पपईत रिंगस्पॉट बियांतून येत नाही, हे सुदैव. त्यामुळे रोपं कीटकरोधक जाळीत वाढवली तर ती निरोगी निघतात. बागेभोवती मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावल्या, तर येणारा मावा आधी तिथे उतरतो, टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच पुसला जातो. मक्याला या विषाणूची बाधा होत नाही. खनिज तेलाच्या फवारणीनेही सोंडेला विषाणू चिकटायला अडथळा होतो. काकडी, भोपळा, दोडका यांचे वेल पपईच्या शेजारी नकोत, कारण याच विषाणूचं एक भावंड त्यांच्यावर राहतं आणि मावाही त्या वेलांवर भरपूर असतो. रोगट दिसलेलं पहिलं झाड त्याच दिवशी काढून टाकणं हा मात्र सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जड जाणारा उपाय आहे. फुलावर आलेलं झाड उपटायला हात होत नाही. आठवडाभर वाट बघू म्हणता म्हणता तो आठवडा माव्याच्या कामी येतो.

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः शहादा तालुक्यात, पपई हे हजारो कुटुंबांचं नगदी पीक आहे. ‘तैवान ७८६’ या नावाने ओळखली जाणारी पपई तिथे मोठ्या प्रमाणावर लावली जाते. मुंबईच्या हातगाडीवरची लालसर गराची, लांबट पपई बरेचदा याच कुळातली. एकाच जातीची, एकमेकांना लागून असलेली शेकडो एकर बाग माव्याच्या दृष्टीने एकच मोठं शेत असतं. वेगवेगळ्या वयाच्या बागा शेजारी शेजारी असल्या की जुन्या बागेतला विषाणू नव्या रोपांना लगेच गाठतो. एकट्या शेतकऱ्याने बांध स्वच्छ ठेवून फारसं काही साधत नाही. शेजाऱ्यानेही तेच करावं लागतं.

हवाई बेटांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिथल्या ओआहू बेटावर या विषाणूने पपई नकोशी केली, म्हणून व्यवसाय मोठ्या बेटावरच्या पुना भागात हलवला गेला. १९९२ मध्ये विषाणू तिथेही पोहोचला आणि पुढच्या काही वर्षांत उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं. हवाईतच जन्मलेले आणि अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात काम करणारे डेनिस गोन्साल्विस यांच्या गटाने विषाणूचाच एक जनुक पपईत घालून ‘रेनबो’ आणि ‘सनअप’ या जाती तयार केल्या. १९९८ मध्ये त्यांचं बी शेतकऱ्यांना मिळालं आणि पपई वाचली. भारतात जनुकीय बदल केलेल्या पपईची व्यावसायिक लागवड होत नाही. त्यामुळे इथला भर जाळी, सापळा पिकं आणि सहनशील जाती यांवरच आहे.

जळगावची केळी आणि ‘हरण्या’

रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा. केळीच्या ट्रका जिथून देशभर जातात, त्या जळगाव जिल्ह्यातले हे तालुके. इथे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या बागेला मृगबाग म्हणतात आणि पावसाळा संपताना लावलेल्या बागेला कांदेबाग. गेल्या काही वर्षांत मृगबागेत, जुलै-ऑगस्टच्या ढगाळ, रिमझिम दिवसांत, कोवळ्या झाडांच्या पानांवर पिवळे पट्टे उमटू लागल्याच्या तक्रारी वारंवार आल्या. पानं अरुंद होतात, कडा वेड्यावाकड्या वळतात, मधला पोंगा कुजतो आणि वाढ थांबते. शेतकरी याला ‘हरण्या’ म्हणतात. कृषी विभागाच्या कागदावर तो सीएमव्ही, म्हणजे तोच कुकुंबर मोझॅक व्हायरस.

नाव काकडीचं असलं तरी हा विषाणू हजाराहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर जगू शकतो. काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची, शेवंतीसारखी फुलझाडं आणि बांधावरची कितीतरी तणं त्याला चालतात. माव्याच्या ८० पेक्षा जास्त जाती त्याला वाहून नेतात आणि पपईच्या विषाणूसारखाच हाही सोंडेच्या टोकावर, काही सेकंदांत चढतो-उतरतो. कापसावरचा मावा यात पुढे असतो. केळीच्या कोवळ्या बागेशेजारी कापूस, भाजीपाला आणि पावसाने फोफावलेलं तण असलं, की विषाणूला राहायला घर आणि जायला वाहन दोन्ही मिळतं. म्हणून केळीत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची यांचं आंतरपीक घेऊ नका, असा सल्ला दिला जातो. सुरुवातीचे महिने केळीतून काही उत्पन्न नसतं आणि भाजीचे चार पैसे हातात येतात, त्यामुळे तो पाळणं अनेकांना परवडत नाही, हेही तितकंच खरं.

एका केळीच्या झाडाला रोप, ठिबक, खत, मजुरी असा खर्च आधीच झालेला असतो. अशी झाडं शेकड्यांनी उपटायची वेळ येते, तेव्हा नुकसानभरपाई आणि पीकविमा यांचे प्रश्न उभे राहतात. त्याबरोबर एक बोचरा प्रश्नही येतो, रोग रोपातून आला की शेतातून?

हा प्रश्न बिनबुडाचा नाही. टिश्यू कल्चरची रोपं प्रयोगशाळेत एका मातृझाडापासून हजारोंनी तयार होतात. मातृझाडात विषाणू असेल आणि तो तपासला गेला नाही, तर सगळी रोपं तो घेऊनच बाहेर पडतात. पण रोपं निरोगी निघाली तरी रोपवाटिकेत उघड्यावर ठेवलेल्या आठवड्यांत मावा त्यांना गाठू शकतो, आणि शेतात लावल्यावर तर हमखास. लागवडीनंतर दोन-तीन महिन्यांनी रोग दिसला, तर नुसत्या डोळ्यांनी दोष कुणाचा ते सांगता येत नाही. यासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची यंत्रणा उभी केली आहे. त्यात केळीच्या रोपांची ठरावीक विषाणूंसाठी तपासणी होते. रोपं घेताना प्रमाणपत्राचा कागद मागून घेणं आणि तो जपून ठेवणं, हे पुढे दावा करायची वेळ आली तर कामी येतं.

केळीवरचा सर्वांत भयंकर विषाणू मात्र वेगळा आहे. बंची टॉप, मराठीत पर्णगुच्छ. यात नवी पानं आखूड, ताठ आणि एकावर एक येत जातात आणि शेंड्याला झाडूसारखा गुच्छ होतो. घड येतच नाही. श्रीलंकेतून १९४० च्या सुमारास तो केरळात आला असं मानलं जातं. तो नेणारा मावा केळीवरच, पानांच्या देठांच्या खोबणीत दडून राहतो. त्याला विषाणू घ्यायला काही तास रस प्यावा लागतो, पण एकदा घेतला की मावा जगेल तोवर तो त्याच्या अंगात राहतो.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण शेतात तो फार महत्त्वाचा आहे. पपईत फवारणी हरते, पण बंची टॉपमध्ये माव्यावर वेळेत केलेली फवारणी उपयोगी पडू शकते, कारण इथे मावा मुक्कामाला असतो. रोगट झाड उपटण्याआधी त्यावरचा मावा मारावा लागतो, हेही त्यामुळेच. तसंच उपटलं तर हादऱ्याने मावा उडतो आणि शेजारच्या झाडांवर विषाणू पोहोचवतो. ऑस्ट्रेलियात १९२० च्या दशकात या रोगाने केळीचा धंदा बुडायला आला होता. १९२७ मध्ये सी. जे. मॅगी यांनी वाहक मावाच असल्याचं सिद्ध केलं. त्यानंतर तिथे बागांची तपासणी आणि रोगट झाडं नष्ट करणं कायद्याने बंधनकारक झालं, आणि धंदा पुन्हा उभा राहिला. कोणतंही नवं औषध न शोधता.

संत्र्याचं ‘दुःख’

ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकापासून संत्र्याची लाखो झाडं काही महिन्यांत वाळू लागली. पोर्तुगीज भाषेत लोकांनी त्या रोगाला ‘त्रिस्तेझा’ म्हटलं, म्हणजे दुःख, उदासी. तेच नाव शास्त्रात रूढ झालं. जगभरात या विषाणूने मारलेल्या झाडांची संख्या दहा कोटींच्या आसपास सांगितली जाते.

झाडं मरण्यामागचं कारण कलमात होतं. संत्र्याचं झाड हे दोन झाडांचं मिळून बनतं, खाली एका जातीचा खुंट आणि वर डोळा भरून वाढवलेली दुसरी जात. ब्राझीलमध्ये खुंट आंबट संत्र्याचा होता. विषाणू शिरला की जोडाच्या जागी अन्नवाहिन्या मरायच्या, पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोहोचायचं नाही आणि मुळं उपाशी राहून झाड कोसळायचं. विदर्भात, म्हणजे काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात, संत्र्याची कलमं प्रामुख्याने जंबेरी किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर बांधली जातात. हे खुंट त्रिस्तेझाला बरेच सोसतात. त्यामुळे इथे ब्राझीलसारखी एका झटक्यात वाताहत झाली नाही. पण विषाणू इथेही आहे. तो झाडाला हळूहळू थकवतो, फळं बारीक करतो. कागदी लिंबाला तर तो अधिकच जाचतो. लिंबाचं पान उजेडासमोर धरलं आणि शिरांमध्ये मध्येच पारदर्शक तुकडे दिसले, तर ती त्याची ओळख. म्हणून प्रयोगशाळांमध्ये हा विषाणू पकडायला कागदी लिंबाचंच रोप पूर्वापार वापरलं जातं.

त्रिस्तेझा नेणारा मावा काळपट तपकिरी रंगाचा असतो आणि संत्र्याच्या कोवळ्या पालवीवर, नव्या बहाराच्या वेळी येतो. तो विषाणू दिवसभरच बाळगू शकतो आणि फार लांब जात नाही. मग विषाणू एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, एका देशातून दुसऱ्या देशात गेला कसा? माणसाने नेला. रोगट मातृझाडाचा डोळा घेऊन बांधलेलं प्रत्येक कलम रोगटच असतं, आणि सुरुवातीला ते अगदी टवटवीत दिसतं. ट्रकमध्ये भरलेली हजार कलमं एका रात्रीत जेवढं अंतर कापतात, तेवढं माव्याला कितीतरी हंगामांत जमणार नाही. किडीला दोष देण्यात गैर काही नाही, पण लांब पल्ल्याचा वाहक माणूसच.

यावरचा उपाय नाजूक आहे. झाड रोगट असलं तरी त्याच्या वाढत्या शेंड्याच्या अगदी टोकाला, साधारण ०.२ मिलिमीटर भागात, विषाणू सहसा पोहोचलेला नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तेवढाच कण कापून तो बियांपासून वाढवलेल्या रोपट्यावर बसवतात. त्यातून निरोगी मातृझाड मिळतं. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत या पद्धतीने रोगमुक्त रोपं तयार केली जातात. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५.६७ कोटी रुपयांच्या ‘क्लीन प्लँट’ कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यातल्या नऊ नियोजित केंद्रांपैकी तीन महाराष्ट्रात आहेत: द्राक्षासाठी पुणे, संत्रा-लिंबासाठी नागपूर आणि डाळिंबासाठी सोलापूर. पैसा निरोगी मातृझाडांवर खर्च करायचा, ही दिशा योग्य आहे. गावोगावच्या छोट्या रोपवाटिकांपर्यंत ती झाडं किती पोहोचतात, यावर पुढचं सारं ठरेल.

प्रत्येक वाकडं पान म्हणजे व्हायरस नव्हे

डाळिंबाचा तेल्या हा जिवाणूमुळे होतो. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक पाझरवणारा डिंक्या हा बुरशीसदृश जीवाचा. संत्र्याची कोळशी म्हणजे रस शोषणाऱ्या काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी. आंब्याचा मोहोर गुच्छासारखा विकृत होतो, त्यामागेही बुरशी असते. जस्त किंवा लोह कमी पडलं तरी पानं पिवळी पडतात आणि हुबेहूब मोझॅकसारखी दिसतात. फोटो पाठवून ‘हा कोणता व्हायरस?’ असं ग्रुपवर विचारणाऱ्याला मिळणाऱ्या दहा उत्तरांपैकी बरीच चुकीची असतात, ती यामुळे. खात्री प्रयोगशाळेतल्या तपासणीनेच होते. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठात नमुना देता येतो.

संत्र्याच्या ‘ग्रीनिंग’ रोगाबाबत तर शास्त्रज्ञांचीही अशीच फसगत झाली होती. तो बराच काळ विषाणूजन्य मानला गेला आणि नंतर त्याचं कारण एक जिवाणू निघालं. तो नेणारा कीटक म्हणजे सायला. भारतात हे १९६७ मध्ये दाखवणाऱ्यांतही पपईच्या रोगाचं वर्णन करणारे कपूर होतेच.

रोगट फळ खाल्लं तर?

काही होत नाही. वनस्पतींचे विषाणू वनस्पतींच्या पेशींसाठी घडलेले असतात, ते माणसाच्या पेशीत वाढत नाहीत. आपण ते रोजच्या भाजी-फळांतून नकळत खात असतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांच्या विष्ठेत सर्वाधिक सापडलेला विषाणू हा मिरचीवरचा होता. वलयं उमटलेली पपई गोडीला कमी लागेल, तिरंगी टोमॅटो दिसायला बरा नसेल, पण आजार होणार नाही. अशा फळाबद्दलचा घाबरवणारा मेसेज पुढे पाठवला, तर त्याचा फटका बसतो तो बाजार समितीत क्रेट घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला.

दारातल्या झाडाचं काय करायचं?

वरळीसारख्या वस्तीत बाग नसते, डबे आणि कुंड्या असतात. त्यात लिंबू, कढीपत्ता, एखादी केळ. कढीपत्ता आणि कुंती ही लिंबाच्याच कुळातली झाडं आहेत आणि सायला त्यांच्या कोवळ्या पालवीवर आनंदाने वाढतो. म्हणून लिंबाची कुंडी कढीपत्त्याला चिकटून ठेवू नये. गावी संत्र्या-मोसंबीची बाग असेल, तर मुंबईतून कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं रोप हौसेने गाडीत टाकून नेऊ नये.

कुंडीवर मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर शेंड्याकडे बघावं. मावा गोड चिकट स्राव सोडतो आणि मुंग्या त्यासाठी त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना पळवून लावतात. एक-दोन कुंड्यांवरचा मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा निंबोळी अर्काने आटोक्यात येतो. मुंग्यांची वाट अडवली तर उरलेलं काम ढालकिडे करतात.

पपईची पानं सुतळीसारखी झाली असतील, तर ते झाड बरं होणार नाही. लागलेली फळं काढून घ्यावीत, झाड मुळासकट काढावं आणि हवं तर त्याच पपईची बी पुन्हा लावावी. रोग बियांतून येत नाही, त्यामुळे नवं रोप निरोगीच उगवेल.